उशिरा पडलेली ठिणगी

संभाजी थोपटे सापडले तेव्हा त्यांच्या गाडीचं इंजिन बंद पडलं होतं, पण हीटरचा पंखा अजून फिरत होता.

जानेवारीतली पहाट होती. बायपासच्या सेवा रस्त्यावर इतकं धुकं होतं की फिरायला निघालेल्या लोकांना आधी ती घरघर ऐकू आली आणि मग गाडी दिसली. गडद हिरवी, जुनी विलायती मोटार. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती. चारही काचा बंद. आत स्टिअरिंगवर डोकं टेकून एक धिप्पाड माणूस बसला होता. दार उघडताच भट्टीसारखी झळ बाहेर आली. माणसाचे गाल गुलाबी दिसत होते. गाढ झोपलाय असंच कुणालाही वाटलं असतं.

पोलिसांनी पंचनामा केला. जुनी गाडी, एक्झॉस्टचा गळका जोड, हीटरचा निसटलेला पाइप. विषारी धूर आत शिरला. अपघाती मृत्यू.

पंधरवड्यानंतर तुळजाबाई थोपटे शनिवार पेठेतला अरुंद जिना चढून मैत्री रणपिसेच्या ऑफिसात आल्या.

मैत्रीने आधी एका विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायचं काम केलं होतं. आता ती खाजगी तपास करत असे. मदतीला होते निवृत्त हवालदार नागोराव. माणूस प्रामाणिक, पण विचार मात्र बैलगाडीच्या वेगाने.

"अपघात असंल तर असू द्या," तुळजाबाई खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाल्या. "पन हीटर कशापायी लावला?"

"थंडी होती हो," नागोराव म्हणाले.

"तुम्हाला असंल. आमचे मालक असल्या थंडीत उघड्या अंगानं गोठ्यात जायचे. जन्मात स्वेटर घातला न्हाई. त्या गाडीचा हीटर चालतो का, हे बी मला ठावं नव्हतं."

मैत्रीने पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी ते कुठे निघाले होते, काकू?"

"जुन्या गाड्यांच्या रॅलीला. परीक्षक व्हते औंदा. पातळ सदरा घातला, खांद्यावर टॉवेल टाकला. म्हनले, आज घाम पुसत जायचंय."

"घाम?"

"मला वाटलं, मस्करी करत्यात."

"गाडीला आधी काही त्रास होता?"

"तापायची. पार उकळायची. माझ्या पुतन्यानं, पियुषनं, वाढदिवसाला ते नवं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आनून दिलं. कसब्यातल्या अभय दळवीनं बसवलं. तवापासनं तापतीय म्हनायचे."

"बसवल्या दिवसापासून?"

तुळजाबाई थबकल्या. "न्हाई की. बसवल्यावर आम्ही जेजुरीला जाऊन आलो. काटा जागचा हलला न्हाई. मग एक दिवस मंडळी नवं काम बघायला आली, चहापानी झालं. त्याच्या पुढच्या फेरीपासनं तापाया लागली."

"मंडळी म्हणजे?"

"पियुष तर घरातलाच. अभय आला व्हता. अन् श्यामभावजी, श्याम निफाडकर. ह्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त. कालिजात इंजिनाचं शिकवायचे. जुनी गाडी अस्सल हाय का, त्याचा दाखला बी तेच देत्यात."

"आणि रॅलीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घरी कोण आलं होतं?"

"हेच तिघं. अभय जुने पार्ट परत द्यायला आला, शेडात ठेवून गेला. श्यामभावजी रॅलीचा नंबर चिकटवायला आले. पियुष फोटो काढत व्हता." त्यांनी पदराखालून नवऱ्याचा फोन काढला. "अन् हे बघा. शेवटी शेवटी भिंग घिऊन ह्येच बघत बसायचे. जेवनावर ध्यान न्हाई, झोप न्हाई. विचारलं तर म्हनायचे, एका मानसाचा निकाल लावायचाय."

फोनमध्ये दोन फोटो होते. दोन वेगवेगळ्या मोटारींच्या चासी नंबरांच्या पाट्या. मैत्रीने दोन्ही मोठे करून पाहिले. दोन्ही पाट्यांवर सातचा आकडा होता, आणि दोन्ही सातांचं खालचं टोक तुटकं होतं.

खालच्या गल्लीत कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. तुळजाबाई दचकल्या.

*

धायरीच्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडात गाडी उभी होती. पोलिसांनी परत दिल्यापासून तुळजाबाईंनी शेडाला कुलूप ठोकलं होतं. आत शिळ्या वाफेचा, जळक्या रबराचा वास कोंडला होता.

मैत्रीने बॉनेट उघडलं. समोरच्या जाळीतून हीटरपर्यंत बाहेरची हवा नेणारा रबरी पाइप जाळीच्या बाजूने सुटून खाली एक्झॉस्टजवळ लोंबत होता.

"निसटलाय," नागोराव म्हणाले. "पंचनाम्यात आहे."

"क्लिप बघा."

क्लिप पाइपावरच होती, पण तिचा स्क्रू शेवटपर्यंत मागे फिरवलेला होता आणि त्याची खाच ताजी चकाकत होती. मैत्रीने हात खाली घालून एक्झॉस्टच्या जोडाचा नट चिमटीत धरला. तो बोटांनी फिरला.

मग तिने टॉर्च इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर धरला. त्याच्या बुडाशी पिवळ्या रंगाचा एक फराटा होता आणि खाली इंजिनावर दुसरा. दोन्हींमध्ये बोटभर अंतर होतं. तिने फोटो काढला.

शेवटी ती गाडीत बसली. सीटच्या कातड्याला अजून तेलाचा आणि तंबाखूचा वास होता. तिने काच खाली करायला दाराकडे हात नेला आणि तो तसाच थांबला. काच फिरवायचं हँडलच नव्हतं. चारही दारांना फक्त दातेरी खुंट उरले होते.

"काकू, हँडलं?"

तुळजाबाई वाकून बघू लागल्या. "शनवारी सकाळी व्हती. मीच फडकं मारलंय."

दारात पियुष येऊन उभा राहिला होता. तिशीतला, कानात वायरलेस इअरफोन, डोळ्यांखाली काळं.

"जुन्या गाड्यांना नसतातच ना ती?" तो म्हणाला. "आय मीन, मला वाटलं, ओरिजिनल डिझाइन असेल."

"तुमचं काकांशी जमिनीवरून भांडण होतं," मैत्री सरळ म्हणाली.

"होतं. बिल्डरला सही देत नव्हते. सगळ्या गावाला माहितीये." त्याने काकूंची नजर टाळली. "पण ते किट मी प्रेमाने दिलं होतं, मॅडम. आता सगळे माझ्याकडे असं बघतात, जसं काही मी बाँब गिफ्ट केला."

"गाडी तापत होती. मग काकांनी हीटर का लावला असेल?"

"तेच तर लॉजिक कळत नाही! तापलेल्या गाडीत हीटर लावला तर ती अजून तापणार ना? मी असतो तर बंद केला असता."

"इंजिनातलं काही पियुषने काकांना सांगितलं, तर ते ऐकायचे का?" मैत्रीने तुळजाबाईंना विचारलं.

"ह्याचं? ह्याला चाक बदलता येत न्हाई."

*

कसबा पेठेत अभय दळवीच्या गॅरेजपर्यंत चालतच जावं लागलं. गल्लीत एका बाजूला भांडी ठोकणारे, दुसऱ्या बाजूला मुलामा देणाऱ्यांची दुकानं. अभय चाळिशीतला, मानी माणूस होता. त्याने हात पुसले, पण बसायला सांगितलं नाही.

"थोपटेसाहेबांनी जुन्या गाड्यांच्या क्लबात चारचौघांत माझी लाज काढली. म्हणे, अभयने माझी गाडी बिघडवली. दोन गिऱ्हाइकं त्याच आठवड्यात तुटली. राग होता. लिहून घ्या."

"मग बॉनेट उघडून बघितलं का नाहीत?"

"त्यांनी फोन केला होता. मी म्हटलं, आता दुसरीकडे न्या. शनिवारी पार्ट ठेवायला गेलो, तेव्हा गाडी समोर होती. मान वळवून बघितलंसुद्धा नाही."

मैत्रीने पिवळ्या फराट्यांचा फोटो त्याच्यासमोर धरला.

अभयने फोन हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. "हा माझा रंग आहे. टायमिंग लावलं, डिस्ट्रिब्युटर आवळला, की मी दोन्हींवर मिळून एकच रेघ ओढतो. हे दोन फराटे एका रेषेत पाहिजेत. हा कुणीतरी फिरवलाय."

"परिणाम काय होईल?" नागोरावांनी विचारलं.

"ठिणगी उशिरा पडते. पेट्रोल वेळेवर जळत नाही, उशिरापर्यंत जळत राहतं. गाडी ओढत नाही आणि इंजिन तापतं. नव्या इग्निशनचा त्यात काही दोष नाही. पण नवं काही बसवलं की लोक शिव्या त्यालाच घालतात."

"आणि तापलेल्या गाडीत माणसाने हीटर लावला तर?"

"मग शहाणा माणूस म्हणायचा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, उष्णता आत बसलेल्याच्या अंगावर येते आणि इंजिन तेवढं थंड राहतं. आम्ही घाटात हेच करतो. फक्त काचा उघड्या ठेवायच्या."

"काचांची हँडलं तुम्ही काढली?"

"मी कशाला काढू?" अभय खाली स्टुलावर बसला. "एकदा बॉनेट उघडलं असतं, तर एका नजरेत दिसलं असतं हो मला."

*

श्याम निफाडकरांचा बंगला कर्वेनगरात होता. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, शांत आवाज. त्यांनी स्वतः चहा केला. त्यांची कार्यशाळा देवघरासारखी स्वच्छ होती. भिंतीवर नट आवळायचे पाने ओळीने टांगलेले, प्रत्येकाखाली पितळेचा बिल्ला आणि त्यावर ठोकलेला आकडा. मैत्री कप हातात घेऊन बिल्ले बघत राहिली. एक, दोन, तीन. सातव्यापाशी ती इतका वेळ थांबली की नागोरावांना संकोच वाटू लागला.

"सुबक आहेत," ती म्हणाली.

"आकड्यांचे पोलादी पंच घेऊन मीच ठोकले. हाताला सवय राहते." निफाडकर खुर्चीत टेकले. "संभा गेला आणि माझा उजवा हातच गेला, बघा. मी त्याला सांगितलं होतं, गाडी तापली की थांब, बॉनेट उघड, थंड होऊ दे. पण कुणाचं ऐकेल तर ना!"

"त्यांनी हीटर लावला होता, सर. का लावला असेल?"

"त्या दिवशी गारठा किती होता! थंडी वाजली असेल बिचाऱ्याला."

"असेल," मैत्री म्हणाली.

"वाईट याचं वाटतं की एक काच जरी खाली घेता आली असती, तरी आज तो असता." त्यांनी उठून भिंतीवरचा एक पाना सरळ केला. "आपण आता या गोष्टी उकरू नयेत. वहिनींना त्रास होतो. त्यात अजून कुणाचं काही बरंवाईट व्हायला नको."

शेवटचं वाक्य त्यांनी मायेनेच उच्चारलं, पण मैत्रीने कप खाली ठेवला.

बाहेर येताच ते म्हणाले, "पियुषच, मॅडम. जमीन, भांडण, किट, सगळं जुळतंय. हे बिचारे दुःखात आहेत."

"नागोराव, एक काम करा. कसब्यात मुलामा देणारी जेवढी दुकानं आहेत, तेवढी पालथी घाला. जुन्या मोटारीची चार हँडलं शोधायची आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी पोलिसांना एक झडती घ्यायला तयार करते. उशीर झाला तर एक पंच नाहीसा होईल."

*

दोन दिवसांनी सगळे धायरीच्या शेडात जमले. तुळजाबाई, पियुष, अभय आणि निफाडकर. दाराशी तपास अधिकारी उभे होते. दिवस असूनही आत दिवा लावावा लागला. कुणी गाडीला टेकत नव्हतं.

"संभाजीरावांचा खून झाला," मैत्री म्हणाली. "आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने, एक बटण दाबून पुरा करावा अशी व्यवस्था केली होती."

पियुषने कानातले इअरफोन काढून खिशात टाकले.

"पहिला प्रश्न काकूंचाच. ज्याला थंडी वाजत नाही त्याने हीटर का लावला? अभयनी उत्तर दिलं. इंजिन थंड राहावं म्हणून. संभाजीराव घरून निघतानाच टॉवेल घेऊन, घाम पुसायच्या तयारीने निघाले. म्हणजे ही युक्ती त्यांना आधीच कुणीतरी सांगितली होती. आता उलटीकडून बघा. त्यांनी हीटर लावावा असं ज्याला हवं होतं, त्याला आधी गाडी तापवणं भाग होतं. म्हणून त्याने चहापानाच्या दिवशी डिस्ट्रिब्युटर फिरवला. नवं इग्निशन नुकतंच बसलं होतं, दोष आपोआप त्याच्यावर आणि अभयवर जाणार होता."

"आणि धूर?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ते शनिवारचं काम. एक्झॉस्टचा जोड सैल केला. हीटरला हवा नेणारा पाइप जाळीपासून सोडवून त्या जोडापाशी आणून ठेवला. पंखा लावला की धूर थेट आत. पाइप आपोआप निसटला असता, तर क्लिप आवळलेलीच राहिली असती. इथे स्क्रू पूर्ण उघडलेला आहे. राहिल्या काचा. अंगावर झळ आली की कुणीही काच उघडणार. म्हणून हँडलं काढली."

"हे मला का ऐकवताय?" पियुष ओरडला. "मी फक्त गिफ्ट…"

"तुम्ही नाही. हीटरने इंजिन अजून तापतं असं तुम्हाला वाटतं. आणि तुमच्या सांगण्यावरून तुमच्या काकांनी गाडीतला साधा दिवासुद्धा लावला नसता. अभयही नाहीत. ती रेघ त्यांची स्वतःची. त्यांनी टायमिंग बिघडवलं असतं, तर जुना रंग पुसून नवी रेघ ओढली असती. हलवलेली खूण त्यांनी स्वतःच्या नावावर कशाला ठेवली असती?"

मैत्री निफाडकरांकडे वळली.

"सर, आपण तीस वर्षं इंजिन शिकवलंत. गाडी तापत होती, हे आपल्याला माहीत होतं. हीटर का लावला असेल, असं मी विचारलं. गॅरेजवाल्याने ताबडतोब बरोबर सांगितलं. आपण म्हणालात, थंडी वाजली असेल. चाळीस वर्षांच्या मित्राला थंडी वाजत नाही, हेही आपण विसरलात. ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याने चुकावं. आपण का चुकलात?"

"वयोमानाने," निफाडकर शांतपणे म्हणाले.

"मग आपण म्हणालात, एक काच जरी खाली घेता आली असती. घेता येत नव्हती, हे आपल्याला कुणी सांगितलं? पंचनाम्यात फक्त काचा बंद होत्या एवढंच आहे. हँडलं नाहीत हे आम्ही बघेपर्यंत काकूंनाही माहीत नव्हतं."

नागोराव पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदाच इतके लोक आपलं ऐकताहेत, असा त्यांचा चेहरा होता. "हँडलं कसबा पेठेत मिळाली. शनिवारी संध्याकाळी एक दाढीवाले सर देऊन गेले. दुकानदार म्हणाला, उद्या रॅली असेल तर रात्रीतून करून देतो. तर सर म्हणाले, घाई नाही, पुढच्या आठवड्यात दिलीत तरी चालतील."

"रॅलीसाठी चमकवायची हँडलं, पण रॅलीच्या आधी नकोत," मैत्री म्हणाली. "संभाजीरावांना आपण सांगितलं असणार, सकाळी मैदानावर आणून लावतो. मित्रावर भरवसा ठेवून ते बंद काचांनी निघाले."

"आणि मी माझ्या मित्राला का मारीन?" निफाडकरांचा आवाज अजून तसाच होता. हात मात्र सदऱ्याचं टोक चुरगळत होते.

मैत्रीने संभाजीरावांच्या फोनमधले दोन फोटो वर धरले. "या पाट्या दोन वेगळ्या देशांतल्या, दोन वेगळ्या कारखान्यांच्या गाड्यांच्या. दोन्हींवरचा सात एकाच तुटक्या पंचाने ठोकलेला आहे. दोन्ही गाड्या अस्सल असल्याचा दाखला आपला. आणि तोच तुटका सात आपल्या भिंतीवरच्या बिल्ल्यावर आहे."

"पंच आज सकाळी झडतीत मिळाला," तपास अधिकारी म्हणाले. "अशा आणखी किती गाड्यांचे नंबर बदललेत आणि त्या कुठून चोरीला गेल्यात, ते आता विचारायचंच आहे."

निफाडकरांनी गाडीकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात ते एकदम म्हातारे दिसले.

"त्याने मला रॅलीपर्यंतची मुदत दिली होती," ते म्हणाले. "म्हणाला, सगळ्यांसमोर तू स्वतः सांग, नाहीतर मी सांगेन. माझे विद्यार्थी असणार होते तिथं. तो मला उभा जाळणार होता, वहिनी."

तुळजाबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हळूहळू पुढे आल्या.

"जाळनार व्हते?" त्यांनी विचारलं. "शनवारी रातच्याला ते मला काय म्हनले, सांगू? म्हनले, उद्या श्यामचा जीव मोकळा हुनार. लोक थुकतील त्याच्यावर. त्याला एकटं सोडायचं न्हाई. पोलिसात जायचं तर मीच संगं जानार. दुपारी त्याला जेवायला घिऊन येतो, त्याच्या आवडीचं वांग्याचं भरीत कर."

तुळजाबाई त्यांच्यासमोर येऊन थांबल्या.

"मी वांगी भाजत व्हते, तवा फोन आला."

निफाडकर गाडीचा आधार घ्यायला वळले. हात पत्र्याला लागला, तसा त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग ते तिथंच मातीत बसले. अधिकाऱ्यांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. बाहेर नेताना त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

पियुष काकूंजवळ गेला. तुळजाबाईंनीच त्याचा हात धरला आणि दोघं बंगल्याकडे चालू लागले.

गाडीपाशी अभय एकटा उरला. त्याने बॉनेट उघडलं, वाकून आत पाहिलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. पुराव्याच्या गाडीला हात लावू नका असं सांगायला नागोराव निघाले होते. मैत्रीने मान हलवून त्यांना थांबवलं.

अभय आत कशालाही हात लावत नव्हता. तो नुसता बघत होता.